स्क्रॅप यार्डातली काळी

सातपूरच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला आहे. जूनमध्ये एका सकाळी भंगारवाल्याची गाडी तुटके पॅलेट (माल ठेवायच्या लाकडी चौकटी) उचलायला आली आणि यार्डातल्या ढिगाखालून काळी गुरगुरत पुढे आली. कंपनीतली ही सगळ्यांच्या ओळखीची कुत्री, कधी कुणावर दात विचकत नाही. वॉचमन मामांनी वाकून बॅटरी मारली, तर आत चार पिल्लं. डोळेसुद्धा उघडले नव्हते, म्हणजे फार तर दहा-बारा दिवसांची. आभाळ गच्च भरून आलेलं. साहेबांनी गाडी सेकंड शिफ्टला बोलावली आणि मला म्हणाले, "तोवर यांची सोय लावा."

पहिले दोन-तीन आठवडे पिल्लांना स्वतःच्या अंगात ऊब धरून ठेवता येत नाही. आई आणि कोरडी जागा, यावरच ती जगतात. नुसती ताडपत्री टाकून भागणार नव्हतं, कारण खालून ओल येतेच. म्हणून ड्रमचं घर करायचं ठरवलं.

२०० लिटरचे निळे प्लॅस्टिकचे ड्रम यार्डात कायम असतात, पण त्यातला कुठलाही उचलून चालत नाही. थिनर किंवा कटिंग ऑइलचा ड्रम कितीही धुतला तरी अंश राहतो, आणि पिल्लं सगळं चाटतात. कँटीनचा पाण्याचा ड्रम काठाला तडकून बाद झाला होता, तो घेतला. आडवा ठेवला की साधारण ५८ सेंटीमीटर रुंद आणि ९० सेंटीमीटर लांब. काळीला आत वळून बसता येईल एवढाच. घर मोठं करायचा मोह टाळावा, कारण आतली हवा तिच्याच अंगाने तापायची असते.

दार मधोमध न कापता एका बाजूला कापलं, म्हणजे वाऱ्याचा झोत थेट पिल्लांवर जात नाही. खाली वीतभर उंबरा ठेवला. जिगसॉने (विजेच्या छोट्या करवतीने) कापलेली प्लॅस्टिकची कड धारदार असते, आणि काळी आत-बाहेर करताना तिची आचळं तिथेच घासणार. म्हणून बागेच्या जुन्या पाइपचा तुकडा उभा चिरून त्या कडेवर सगळीकडून दाबून बसवला, मग स्वतःची मनगटं फिरवून पाहिली. कुठे टोचत नव्हतं. मागच्या बाजूला वर हवेसाठी भोकं आणि उंबऱ्याशी पाणी निघायला दोन.

बैठकीला पॅलेट. शिक्का बघून घेतला: एचटी म्हणजे लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते घ्यायचं नाही. ड्रम गडगडू नये म्हणून दोन्हीकडे लाकडाच्या पाचरी ठोकल्या आणि सगळं पेव्हर ब्लॉकवर उचलून ठेवलं. वर पत्रा, पण चार बोटं अंतर सोडून. पत्रा ड्रमला टेकला तर उन्हात आत भट्टी होते. आपल्याकडे पावसाचा वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून तोंड पूर्वेला केलं. अंथरायला कँटीनमध्ये आलेल्या आंब्याच्या पेट्यांमधला पेंढा होता. गोणपाट एकदा भिजलं की वाळत नाही, पेंढा लवकर सुकतो.

सगळं तयार झालं आणि काळी आत जाईना. हुंगायची, परत ढिगाखाली. पोरं म्हणाली, पिल्लं उचलून ठेवू या. मामांनी सगळ्यांना मागे सारलं. "आईसमोर तिच्या लेकरांना हात लावायचा नाही." ती ज्या फाटक्या पोत्यावर व्याली होती, त्याचा तुकडा त्यांनी काठीने ओढून घेतला आणि पेंढ्यावर टाकला. आम्ही शेडमध्ये जाऊन थांबलो. बऱ्याच वेळाने काळी आत शिरली, गोल फिरली, बाहेर आली आणि पहिलं पिल्लू मानेला धरून घेऊन गेली. चौथं आत गेलं तेव्हा टपोरे थेंब सुरू झाले होते. मामांचे डोळे भरून आले, माझेही.

गाडीने पॅलेट नेले. आता पिल्लांनी दूध सोडलं की काळीची नसबंदी करायची आहे, आणि पिल्लं तीन महिन्यांची झाली की रेबीजची लस. साहेबांनी मागच्या गेटवरच्या म्हाताऱ्या कुत्र्यासाठीही असंच घर करायला सांगितलंय. पाण्याचा आणखी एक ड्रम मी बाजूला काढून ठेवलाय.