भाचीचं रक्त घेऊन परळला

भाचीचा ताप हटत नव्हता. प्लीहा वाढलेली, प्लेटलेट्स घसरलेल्या, फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन) हजारांत. नाशिकच्या डॉक्टरांना एचएलएचचा, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती बेफाम होऊन शरीरावरच उलटते त्या आजाराचा, संशय आला. या आजाराच्या २००४ च्या यादीत आठ निकष, त्यातले पाच जुळले की निदान पक्कं धरत. फेरिटिन ५०० च्या वर हा त्यातला एक, नॅचरल किलर पेशींचं (विषाणूग्रस्त आणि कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशींचं) काम मंदावणं किंवा बंद पडणं हा दुसरा. या पेशी मोजून भागत नाही. संख्या ठीक असूनही त्या काहीच करत नाहीत, असं होऊ शकतं.

सॅम्पल मुंबईला, परळच्या केईएमच्या आवारातल्या एनआयआयएच या रक्ताच्या आजारांवरच्या सरकारी संशोधन संस्थेत न्यायचं ठरलं. न्यायला मामा, म्हणजे मी. स्टिरॉइडने या पेशी मंदावतात, म्हणून डॉक्टरांनी पहिल्या डोसाआधीच रक्त काढून घेतलं. हिरव्या बुचाची, हेपरिनवाली (रक्त गोठू न देणारी) ट्यूब. ताई थर्मासमध्ये बर्फ भरायला निघाली, तशी सिस्टर ओरडल्या, "बर्फ नको हो! पेशी जिवंत पोचायला हव्यात."

शिवाय एका धडधाकट माणसाचंही रक्त त्याच वेळी काढून सोबत न्यायचं होतं. नात्यातलं नको, कारण दोष जन्मजात असेल तर आईवडील वाहक असू शकतात. शेजारचा पिंट्या तयार झाला. प्रवासात पेशी मेल्या तर त्याच्याही मरतील, म्हणजे खोट प्रवासाची की आजाराची ते कळतं. मला ही युक्ती फार आवडली.

लॅबमध्ये या पेशी के५६२ नावाच्या कॅन्सर पेशींबरोबर काही तास ठेवतात. के५६२ वर नेहमीची एचएलए ओळखखूण नसते, त्यामुळे किलर पेशी तिच्यावर तुटून पडतात. मारा केला की किलर पेशींच्या पृष्ठभागावर सीडी१०७ए नावाचं प्रथिन दिसू लागतं आणि ते फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी लेझरने तपासणाऱ्या यंत्रावर) मोजतात. पूर्वी यासाठी किरणोत्सारी क्रोमियम वापरायचे. पर्फोरिन, म्हणजे समोरच्या पेशीला भोकं पाडणारं प्रथिन, तेही वेगळं तपासलं.

दोन्ही नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "जन्मजात प्रकाराची शक्यता बरीच कमी झाली. जनुकीय तपासणी तरी करूच." दरम्यान स्क्रब टायफसची (किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या, एचएलएच उद्भवू शकणाऱ्या संसर्गाची) तपासणी पॉझिटिव्ह आली होती; डॉक्सिसायक्लिन सुरू केल्यावर ताप उतरला.

हल्ली 'इम्युनिटी पॅकेज' म्हणून किलर पेशींच्या टेस्टही धडधाकट लोकांच्या गळ्यात मारतात. माझ्या मते पैसे पाण्यात. पिंट्याला मात्र ते पटत नाही, भेटला की विचारतो, "माझ्या पेशी कशा आल्या रे?"