वेळापत्रकात अडकलेली अकॅडमी

आरोग्यक्षेत्राची करिअर अकॅडमी काढायची ठरली, तेव्हा आमचे पहिले तीन आठवडे नाव आणि लोगो ठरवण्यात गेले. टी-शर्टाचा रंगही ठरला. वेळापत्रकाचा विषय मात्र कुणी काढला नाही. मी अमेरिकेतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये जीवशास्त्र शिकवते. हे काम माझ्या गळ्यात पडलं ते 'तुम्हाला उत्साह आहे' एवढ्याच पात्रतेवर.

अकॅडमी म्हणजे मोठ्या शाळेच्या पोटातली छोटी शाळा. एक तुकडी दोन-तीन वर्षं त्याच चार-पाच शिक्षकांकडे शिकते. इंग्रजी, गणित, विज्ञान सगळं कॉलेजला चालेल असंच, पण त्यांना एका व्यवसायक्षेत्राचा धागा जोडलेला, आणि त्या क्षेत्रातली माणसं शाळेत येती-जाती. पहिली निघाली १९६९ मध्ये, फिलाडेल्फियाच्या एडिसन हायस्कूलमध्ये, वीजकामाची. मुलं शाळा अर्धवट सोडतात, ती टिकावीत हा हेतू. कॅलिफोर्नियात सरकारी अनुदान घेणाऱ्या अकॅडमींना आजही निम्मी तरी मुलं मागे पडण्याचा धोका असलेली घ्यावी लागतात. आम्हाला तो नियम लागू नव्हता, तरी मी तो हट्टाने उसना घेतला. नाहीतर हुशार मुलांचा आणखी एक वर्ग झाला असता, आणि त्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

प्रस्तावात 'निकाल वाढेल' हे वाक्य मुख्याध्यापकांना हवं होतं. मी घालेना. एमडीआरसी या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेने नऊ शाळांमधल्या अकॅडमींचा अभ्यास केला होता, अर्जदारांतून सोडत काढून, म्हणजे हौशी मुलांचीच तुलना हौशी मुलांशी. शाळा संपल्यावर आठ वर्षांनी अकॅडमीत प्रवेश मिळालेल्यांची कमाई सोडतीत न लागलेल्यांपेक्षा सरासरी ११ टक्के जास्त निघाली. परीक्षेचे गुण आणि शाळा पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण मात्र जवळजवळ तेवढंच. शिवाय कमाईतली वाढ मुख्यतः मुलग्यांची, आणि आमच्याकडे अर्ज आले बहुतेक मुलींचे! हे सगळं मी प्रस्तावात लिहिलं. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.

पालकसभेत एका वडिलांनी विचारलं, "चौदाव्या वर्षीच माझ्या मुलीचा धंदा तुम्ही ठरवणार का?" त्यांचं काही चुकत नव्हतं. पूर्वी 'अभ्यासात कच्चा तो वर्कशॉपात' असा हिशेब असायचा, त्याची भीती अजून लोकांच्या मनात आहे. मी म्हटलं, "तिला दवाखान्याचा वास सोसत नाही हे इथे कळलं, तरी तुमची कॉलेजची फी वाचली." सभा हसली. ते हसले नाहीत, पण अर्ज भरून गेले.

सल्लागार मंडळाच्या पहिल्या बैठकीत आम्ही स्थानिक रुग्णालयवाल्यांकडे पैसे मागायच्या तयारीने गेलो होतो. तिथल्या एका परिचारिकेने मध्येच विचारलं, "कोणत्या वारी, किती वाजता, किती मुलं पाठवणार?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा वेळापत्रक उघडलं.

घोडं तिथेच अडलं. हजारो मुलांच्या शाळेत वरच्या गणिताचा एकच वर्ग असतो, बँडचा एकच. आमच्या तुकडीतली काही मुलं गणिताला, काही बँडला, आणि नेमका त्याच तासाला अकॅडमीचा इंग्रजीचा वर्ग. इथे कोणतं मूल कोणत्या तासाला बसणार हे समुपदेशक ठरवतात; त्यांनी मुलं इकडची तिकडे केली, रिकाम्या जागी बाहेरची भरली. पहिल्या वर्षी माझ्या जीवशास्त्राच्या वर्गात निम्मी मुलं अकॅडमीची, निम्मी दुसरीच. इंग्रजीच्या बाईंनी साथीच्या रोगांवर निबंध द्यायचा आणि मी त्याच आठवड्यात जंतुसंसर्ग शिकवायचा, असं ठरलं होतं. पण निम्म्या वर्गाला तो निबंध मिळालाच नव्हता, आणि मी 'निबंधात काय लिहिलंत?' विचारलं की ती मुलं एकमेकांकडे बघायची. आम्हा चौघा शिक्षकांना एकत्र मोकळा तासही नव्हता. सगळं नियोजन पार्किंगमध्ये, गाडीच्या टपावर वह्या ठेवून.

दुसऱ्या वर्षी मी एकच मागणी घेऊन गेले: पैसे नकोत, संगणक नकोत, वेळापत्रकाच्या फळ्यावर आमच्या तासांच्या चिठ्ठ्या आधी लावा. तुकडीचे तीन विषय लागोपाठ, आणि चौघांना एक सामाईक मोकळा तास. बाकीची शाळा त्याभोवती बसवा. समुपदेशक दोन दिवस माझ्यावर चिडून होते. तिसऱ्या दिवशी त्यांनीच मार्ग काढला, तो शाळा भरण्याआधीच्या तासाचा. त्या लागोपाठ तासांमुळे बुधवारी दुपारी बारा-बारा मुलं रुग्णालयात जाऊ लागली. रुग्णांजवळ नाही, ती अठराच्या आतली. प्रयोगशाळा, नोंदणीचा कक्ष, स्वयंपाकघर एवढंच. त्या परिचारिकेला वारही मिळाला, वेळही.

बँड मात्र सकाळी सातला ढकलला गेला. बँडचे सर माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत.