कॅल्शियम मेंदूला चांगलं की वाईट?

मी मेंदूच्या पेशींतल्या कॅल्शियमवर संशोधन करते. हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग कॅल्शियम मेंदूला चांगलं की वाईट? गोळ्या घ्याव्यात का?" तुम्हीही विचारलंत म्हणून लिहिते. गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. रक्तातलं कॅल्शियम शरीर स्वतःच काटेकोर राखतं. गोळी खाऊन डोकं तरतरीत होत नाही.

मी बघते ते चेतापेशीच्या, म्हणजे मेंदूतल्या पेशीच्या आत. बाहेर आतल्यापेक्षा सुमारे 10,000 पट कॅल्शियम असतं. पेशी चेतली की ते आत शिरतं, त्यातलं थोडं मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या वीजघरांत ओढलं जातं, तिथली ऊर्जा बनवायला मदत करणारी पायरुवेट डिहायड्रोजनेजसारखी एन्झाइम्स जोर धरतात आणि एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, वाढतं. खर्च वाढला की कमाईही वाढते, असं मी भाषणांत ऐटीत सांगायचे.

मग मामांना पक्षाघात झाला. आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर मामींनी माझा हात धरला. "तू ह्याच्यावरच शिकलीस ना गं? मग सांग की, काय द्यायचं ह्यांना?" आत काय चाललं असेल ते मला पायरीपायरीने पाठ होतं. रक्त थांबलं, एटीपी संपलं, पेशीतले क्षार जागेवर ठेवणारे पंप बंद पडले, पेशीपेशींत निरोप नेणारं ग्लुटामेट सांडलं, त्याने उघडणारी कॅल्शियमची दारं, एनएमडीए रिसेप्टर, उघडी राहिली. कॅल्शियमचा लोंढा आत. मायटोकॉन्ड्रिया ते पीत राहतात, फुगतात, त्यांच्या पटलाला भोक पडतं. बशीतल्या पेशींवर ग्लुटामेट टाकून मी हे पाहिलंय: मायटोकॉन्ड्रिया चालू असेपर्यंतच टिकणाऱ्या टीएमआरएम रंगाने लाल चमकणारी एक पेशी फिकी पडते, मग शेजारची. आणि द्यायला? एनएमडीए अडवणाऱ्या औषधांनी उंदरांचे मेंदू वाचवले, माणसांवरच्या 1990च्या दशकातल्या चाचण्यांत ती आपटली. "डॉक्टर करतायत ते बरोबर आहे, मामी," एवढंच म्हणाले. खरंच दुसरं काही नव्हतं. उगाच आशा लावायची का?

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे वाईटच की. थांबा. मायटोकॉन्ड्रियात कॅल्शियम घेणाऱ्या दाराचा, एमसीयूचा, जीन 2011 मध्ये सापडला. 2013 मध्ये तो नसलेले उंदीर तयार केले, तर ते जगले, हिंडले-फिरले. फक्त अंगमेहनतीत थोडे कमी पडले. दाराशिवायही भागत असेल, तर माझ्या खर्च-कमाईच्या ऐटीचं काय झालं म्हणता? त्यांच्या हृदयाचा रक्तपुरवठा तोडला, तर नुकसान मात्र इतरांइतकंच. म्हणजे मामींसमोर जे मला पाठ होतं, तेही तितकं पक्कं नाही. वर 2020 मध्ये दिसलं की चेतापेशीच्या टोकाकडचे मायटोकॉन्ड्रिया, मायकू3 या प्रथिनामुळे, अगदी कमी कॅल्शियमलाही दार उघडतात. माझी जुनी खर्च-कमाईची बाजू पुन्हा थोडी वर.

दार नसलेले ते उंदीर मग धडधाकट कसे, हे मात्र मला कोणी विचारत नाही. गोळ्यांचंच विचारतात.