राजावर्त, लाजवर्द, लॅपिस: दगड एकच

आमच्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत वादाची प्रकरणं येतात ती बहुधा हिरे-माणकांची. हे प्रकरण मात्र निळ्या मण्यांची माळ आणि एका अंगठीचं होतं. ज्योतिषांच्या चिठ्ठीवर ‘राजावर्त’, दुकानाच्या बिलावर ‘लाजवर्द’, माळेच्या प्रमाणपत्रावर ‘लॅपिस लाझुली’. सांगितलं एक, विकलं दुसरं आणि प्रमाणपत्र तिसऱ्याचंच, असं त्या कुटुंबाला वाटत होतं. अंगठीचं नाव बिलावर ‘जर्मन लॅपिस’ होतं. त्याबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती.

माळेची तिन्ही नावं बरोबर होती. हा दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानमध्ये, कोकचा नदीच्या खोऱ्यात, सर-ए-संगच्या खाणींत हजारो वर्षं निघतोय. फारसीत तो लाजवर्द, अरबीत लाझवर्द. अरबीतून मध्ययुगीन लॅटिनमध्ये गेला तेव्हा ‘लाझुलुम’ झाला, आणि त्याला लॅटिनचाच ‘लापिस’, म्हणजे दगड, जोडला गेला. पुढे फ्रेंच-इटालियन लोकांना सुरुवातीचा ‘ल’ आपल्या भाषेतलं उपपद (इंग्रजीतल्या ‘द’सारखा, नामाआधी येणारा शब्द) वाटला आणि तो गळाला. उरलं ते फ्रेंच अझ्यूर, इटालियन अझ्झुर्रो, स्पॅनिश आसूल. दगडाचं नाव असं रंगाचं झालं. रशियनमध्ये ‘ल’ शाबूत राहिला: लाझूर. संस्कृतातला राजावर्त हाही याच शब्दाचा भाऊबंद, असं बरेच अभ्यासक मानतात.

आमची खरी डोकेदुखी खनिजशास्त्राने वाढवलीय. लाझुराइट, लाझुलाइट, अझुराइट ही तिन्ही नावं याच मुळातून निघालेली, पण खनिजं तीन वेगळी. लाझुराइट हा लॅपिसचा मुख्य निळा घटक. लाझुलाइट फॉस्फेट आहे. अझुराइट तांब्याचं कार्बोनेट, इतकं जड की हातात घेताच फरक कळावा: विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या कितीपट जड ते, 3.77 च्या आसपास, लॅपिसचं साधारण 2.7 ते 2.9. तरीही ऑनलाइन विक्रीत ‘अझुराइट लॅपिस’ असले जोडशब्द सर्रास दिसतात. विकणाऱ्यांनी एवढं तरी वाचायला हवं.

तपासणीत माळ आधी ओवणीतून सोडवली. विशिष्ट गुरुत्वासाठी मणी पाण्यात तोलावे लागतात; दोरा पाणी पितो आणि वजन चुकतं. भोकात हवेचे बुडबुडे अडकले की विशिष्ट गुरुत्व कमी येतं, म्हणून पाण्यात साबणाच्या द्रावणाचा एक थेंब टाकायचा आणि मणी बारीक तारेने हलवून घ्यायचा. आकडा 2.78 आला. दहापट भिंगाखाली अस्सल लॅपिसमध्ये बहुधा असणारे पायराइट या सोनेरी खनिजाचे कण वेडेवाकडे, कोनदार आणि धातूसारखे चकचकीत होते. नकलीत अनेकदा सगळे एकसारखे असतात. पांढऱ्या कॅल्साइटचे डागही होते. रंग दिलाय का, हे ॲसिटोनच्या बोळ्याने बघायचं. पण त्याआधी मेण काढावं लागतं, कारण मेणाचा थर असला की रंग सुटत नाही आणि रंगवलेला मणी सहज पास होतो. घाई करणारे नेमके इथेच फसतात. मेण काढून घासलं तरी बोळा पांढराच राहिला. मालकांच्या परवानगीने एका मण्याच्या भोकाशी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा सूक्ष्म थेंब लावला, तर कुजक्या अंड्याचा वास आला. लाझुराइटमधलं गंधक ते. माळ अस्सल होती.

अंगठीचा खडा बघायला भिंगही पुरलं. पायराइट एकही नाही, निळा रंग बारीक भेगांत साचलेला, बोळ्यावर निळी रेघ. वक्रीभवनांक, म्हणजे दगडात प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा, 1.54, लॅपिसचा 1.50. तो रंगवलेला जास्पर, म्हणजे क्वार्ट्झच्या जातीचा एक अपारदर्शक दगड होता. व्यापारात ‘जर्मन लॅपिस’ किंवा ‘स्विस लॅपिस’ म्हणतात तो हाच, आणि ही नावं खूप जुनी आहेत. मला चीड येते ती या नावांची. ‘लॅपिस’ ऐकलं की गिऱ्हाईक निर्धास्त होतं आणि पुढे लागलेल्या देशाच्या नावाने शंकाच मिटते.

निकाल सांगितला तरी कुटुंबाची नजर माळेवरच होती. ‘मग राजावर्त कुठे गेला?’ असं काकूंनी दोनदा विचारलं. अंगठी परत करायची, हे त्यांना समजावायला जास्त वेळ लागला.

आमच्या प्रमाणपत्रावर शास्त्रीय नाव आणि परीक्षणाचे आकडे असतात, व्यापारी नावांना जागा नाही. मी टिपणाच्या रकान्यात ‘बाजारात लाजवर्द, राजावर्त’ एवढं छापावं असं सुचवलं. ज्येष्ठ सहकाऱ्यांचा विरोध आहे: आज लाजवर्द लिहिलं तर उद्या ‘जर्मन लॅपिस’ लिहून मागतील. त्यांची भीती मला पटते, तरी माझं मत बदललेलं नाही. खऱ्या दगडाची जुनी नावं आणि नकलेची विक्रीनावं यांत फरक करणं हे प्रयोगशाळेचंच काम आहे, आणि तो फरक कागदावर नसेल तर दुकानात कुणीही सांगणार नाही. टिपणाचा रकाना अजून रिकामाच जातो.