कणकुंबीच्या वाटेवरचा सोपा

बेळगावचा किल्ला, त्यातलं कमल बस्ती हे जैन मंदिर, शहापूरच्या गल्ल्या आणि परतताना बांधून घेतलेला कुंदा, यांच्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. ते मी सोडून देतो. मला लिहायचंय जांबोटीच्या पुढच्या एका घराच्या सोप्याबद्दल, म्हणजे पुढच्या उघड्या ओसरीबद्दल. पण आधी रिसॉर्टचा राग काढतो, कारण त्याशिवाय सोप्याचं सुख नीट सांगता येणार नाही.

चोर्ला घाटाच्या बाजूला आम्ही एका नव्या रिसॉर्टमध्ये उतरलो होतो. भाडं रात्रीचं साडेचार हजार. खोलीची एक अख्खी भिंत काचेची होती आणि पलीकडे गच्च जंगल. फोटोत अप्रतिम दिसतं. प्रत्यक्षात पाऊस डोळ्यांना दिसत होता, पण त्याचा आवाज नाही, वास नाही, गारवा नाही. एकच पल्ला सरकत होता. त्याच्या बाहेर छपराचा हातभरही आडोसा नव्हता, त्यामुळे तो उघडला की गादीपर्यंत पाणी. शिवाय वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला आतलं सगळं दिसायचं, म्हणून दिवसभर जाड पडदे ओढलेले. बाहेरच्या निसर्गासाठी पैसे मोजायचे आणि पडदे लावून एसीत बसायचं! व्यवस्थापक म्हणाले, 'सर, पावसाळ्यात असंच असतं.' पावसाळ्यात असं नसतं. ते दुसऱ्याच दिवशी पाहायला मिळालं.

बेळगावच्या मित्राचे मामा कणकुंबीच्या वाटेवर एका लहान गावात राहतात. कणकुंबी म्हणजे मलप्रभेचा उगम. खानापूर तालुक्याचा हा पश्चिम पट्टा पावसाचं आगर. आम्ही अंगणात पोचलो तेव्हा अशी सर आली की समोरचा गोठा दिसेना. मामी आतूनच ओरडल्या, 'भिजताय कशाला, वर या की!'

दोन पायऱ्या चढून सोप्यावर गेलो आणि तिथेच बसलो, ते जेवायला हाक येईपर्यंत.

सोपा घराच्या पूर्ण रुंदीचा, आठेक फूट खोल, पुढून सताड उघडा. ना दार, ना ग्रिल. जांभ्या दगडाचं जोतं, त्यावर लाकडी खांब. प्रत्येक खांबाखाली दगडी तळखडा, म्हणजे ओल आणि वाळवी लाकडात चढत नाही. खांबांवरून छप्पर इतकं खाली आलेलं की उंच माणसाला वाकूनच आत यावं लागतं. मला आधी ते अडचणीचं वाटलं होतं. पण सारवलेल्या जमिनीवर मांडी घातली आणि त्या उंचीचं गणित उमगलं. हे घर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या मापाने बांधलंय. बसल्या जागेवरून अंगण, तुळस, गडगा आणि त्यापलीकडचं भाताचं खाचर सलग दिसतं. आभाळाचा झगझगाट तेवढा वळचणीआड राहतो. वारा भरून येतो, पण पावसाचा थेंब आत येत नाही. पागोळ्या जोत्यापासून दीड हातावर पडत होत्या. तिथे वर्षानुवर्षं पाणी पडून जमिनीत एका ओळीत वाटीएवढे खळगे झालेत. मामांनी त्यांत गोटे बसवलेत, म्हणजे चिखल भिंतीवर उडत नाही.

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कडक होत जातो, हे मामांनी हातात दगड तासायची फरशी धरल्याचा अभिनय करून सांगितलं. वरची कौलं मंगळुरी, एकमेकांत अडकणारी. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला या कौलांचा पहिला कारखाना काढला आणि मग ती या सगळ्या पट्ट्यात पसरली. स्वयंपाकघरावरचं एक कौल जरा उचललेलं होतं, तिथून चुलीचा धूर वर चढून निघून जात होता. अहमदाबादच्या ट्यूब हाऊस या घरात वास्तुकार चार्ल्स कोरियांनी उतरत्या छताखालून गरम हवा अशीच वरच्या फटीतून बाहेर सोडली होती. वास्तुशास्त्राच्या वर्गात ते घर शिकवतात. मामींच्या स्वयंपाकघराकडेही एकदा विद्यार्थ्यांना आणायला हवं.

संध्याकाळभर माणसं येत राहिली. शेजारचे एक काका घोंगडी झटकून खांबाला टेकले आणि युरिया मिळाला का, ते विचारून गेले. एक मुलगी दुधाचा तांब्या ठेवून पळाली. कुणी दार वाजवलं नाही, कारण वाजवायला दारच नव्हतं. आणि कुणी माजघरातही शिरलं नाही. कोण कुठवर येणार हे उंबरठा ठरवत होता. शहरात आपण बेल, पीपहोल आणि कॅमेरा लावूनही ते इतक्या सभ्यपणे ठरवू शकत नाही. मामा म्हणाले, 'पाऊस काय थांबत न्हाई आता. जेवूनच जावा.' नाचणीची भाकरी, अळंब्यांची भाजी, उकडा भात. अळंब्या सकाळीच बांधावर उगवलेल्या. असं जेवण मला कुठल्याही हॉटेलात मिळालेलं नाही.

जेवणानंतर मामांच्या मुलाने नव्या घराचा नकाशा पसरला आणि माझ्या पोटात गोळा आला. शेजारच्या जागेत स्लॅबचं घर. पुढे शटर, त्यात गाडी, मग थेट हॉल. हॉलला मोठी सरकती काच. सोपा नाही. इंजिनिअरने म्हणे सांगितलं, 'ती जागा वाया जाते.' मुलाची अडचण खोटी नव्हती. दरवर्षी पावसाळ्याआधी कौलं चाळायला, म्हणजे उतरवून पुन्हा लावायला, माणसं मिळत नाहीत, माकडं कौलं फोडतात, चांगलं लाकूड परवडत नाही. स्लॅब घाला, माझं काही म्हणणं नाही. पण स्लॅबपुढे आठ फुटांचं उतरतं छप्पर घेता येतं, खांब जांभ्याचे करता येतात आणि गाडी बाजूला उभी राहू शकते. हे मी नकाशाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काढूनही दाखवलं. तो ऐकून घेत होता, पण डोळे काचेवरच.

मग मामी आतून हात पुसत आल्या. त्यांचा प्रश्न एकच होता: 'एकादशीला भजनाची माणसं कुठं बसवायची?'

मुलगा गप्प झाला. मामांनी नकाशा गुंडाळून फळीवर ठेवला. नव्या घराचं जोतं दिवाळीनंतर भरायचं आहे. तोवर मी त्या मुलाला फोन करत राहणार आहे, त्याला कंटाळा आला तरी.