चौदातली दहा : रेस्प्लांदोर नाण्यांच्या शोधाची यंदाची नोंद

दहा झाली. गेल्या दिवाळीत मागची नोंद लिहिली तेव्हा सात होती. म्हणजे वर्षभरात तीन. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारात राहून, दर रविवारी बाजार धुंडाळून फक्त तीन, असं कुणी म्हणेल. पण या तिघांपैकी एकाने मला जेवढं शिकवलं तेवढं आधीच्या सातांनी मिळून शिकवलं नव्हतं.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात. मेक्सिको स्वतंत्र झाल्यावर प्रजासत्ताकाने आठ रेआलचं चांदीचं नाणं काढलं. एका बाजूला निवडुंगावर बसून साप धरलेला गरुड, दुसऱ्या बाजूला स्वातंत्र्याची टोपी आणि तिच्यातून चहूकडे फुटणारे किरण. या किरणांमुळे इथले संग्राहक त्याला 'रेस्प्लांदोर' म्हणतात, म्हणजे झळाळी, तेज. सुरुवातीची दोनेक वर्षं गरुडाची मान वाकडी, एका बाजूने दाखवलेली होती. १८२४-२५ पासून तो समोर तोंड करून बसला आणि १८९७ पर्यंत तसाच बसून राहिला. वजन २७.०७ ग्रॅम. आपला जुना चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे हे नाणं सव्वादोन रुपयांहून थोडं जास्तच भरतं.

हे नाणं चौदा टांकसाळींत पडलं. माझा संग्रह म्हणजे प्रत्येक टांकसाळीचं एकेक नाणं, बस. वर्षवार संच करणारे लोक आहेत, त्यांच्या चिकाटीला नमस्कार. माझा जीव त्या छोट्या अक्षरांत अडकला आहे.

ही अक्षरं नीट समजून घेतली की अर्धी ओळख पटते. किरणांच्या बाजूला खालच्या कडेने एकच ओळ फिरते : आठ आर, मग टांकसाळीची खूण, मग साल, मग कस तपासणाऱ्या अधिकाऱ्यांची आद्याक्षरं आणि शेवटी १० डीएस २० जीएस. ही शेवटची भानगड सुरुवातीला मला कळत नव्हती. तो चांदीचा कस आहे. स्पॅनिश हिशेबात शुद्ध चांदी म्हणजे बारा दिनेरो आणि एका दिनेरोचे चोवीस ग्रानो. दहा दिनेरो वीस ग्रानो म्हणजे २८८ पैकी २६० भाग चांदी, हजारी ९०२.७. आपण सोन्याला बावनकशी म्हणतो, त्याच घरातली ही मोजणी. पुढे आठ रेआलची जागा घेणाऱ्या १८९८ च्या पेसोवर थेट ९०२.७ हा आकडाच छापला गेला. पण जुन्या ओळीत जो गोडवा आहे तो त्या आकड्यात नाही, असं माझं मत.

आता या वर्षीच्या नाण्यांकडे येतो. पहिलं आलं दुरांगोचं, १८८८, अधिकारी एम.सी. त्याबद्दल सांगण्यासारखं विशेष नाही. रीतसर दुकानातून घेतलं, पावती मिळाली, वजन २६.९१.

दुसऱ्याची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. इथे रविवारी आवेनिदा मेहिकोवर जुन्या वस्तूंचा तियांगिस भरतो. तियांगिस हा मूळ नाहुआत्ल शब्द, अर्थ आपल्या आठवडी बाजारासारखाच. तिथे एका आजोबांच्या चादरीवर घड्याळं, चाव्या, देवाच्या तसबिरी आणि एका डब्यात सात-आठ झिजकी नाणी. त्यातलं एक उचललं. साल स्पष्ट, १८९३. टांकसाळीचं मोठं अक्षर पार झिजलेलं, वरचा छोटा ओ तेवढा शाबूत. आजोबा म्हणाले, "मेहिको, मेहिको." म्हणजे राजधानीचं, सगळ्यात सहज मिळणारं. किंमतही त्याच हिशेबाने सांगितली.

इथेच आपण फसतो. मोठ्या अक्षरावर छोटा ओ बसवायची पद्धत एकट्या मेक्सिको शहराची नाही. ग्वानाहुआतोच्या जी वर तोच ओ, दुरांगोच्या डी वर तोच, एर्मोसियोच्या एच वरही तोच. अक्षर पुसलं गेलं की चार गावं एकसारखी दिसतात. मग निवाडा करतात ती सालापुढची दोन अक्षरं, अधिकाऱ्यांची. १८९३ मध्ये मेक्सिको शहराचं नाणं असतं तर तिथे ए.एम. हवं होतं, ग्वानाहुआतोचं असतं तर आर.एस. मी भिंग लावून नाणं उन्हात तिरकं धरलं, तर एफ.जी. म्हणजे एर्मोसियो. सोनोराच्या वाळवंटातली ती टांकसाळ, जिचं नाणं मी दोन वर्षं शोधत होतो. आजोबांना मी ते सांगितलं. लपवून ठेवणं मला जमत नाही. त्यांनी भिंग मागून घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि सांगितलेल्याच किमतीला नाणं दिलं. वर उरलेल्या नाण्यांवरची अक्षरं वाचून दाखवायला लावली. त्यानंतर दर रविवारी मी त्यांच्याकडे आधी बसतो आणि मग पुढचा बाजार फिरतो.

तिसरं वाहाकाचं. खूण सुंदर आहे : मोठ्या ओ च्या पोटात बसलेला छोटा ए. अधिकारी ए.ई., साल १८८६. कुणीतरी कधीकाळी लिंबू आणि मीठ लावून ते घासलं आहे, त्यामुळे पृष्ठभाग अनैसर्गिक पांढरा दिसतो. तरी घेतलं. पण मंडळी, कळकळीने सांगतो, चांदीवर चढलेला काळसर-निळसर थर घासू नका. त्याला चढायला शंभर वर्षं लागलेली असतात आणि तो उतरवायला पाच मिनिटं पुरतात. साबणाच्या कोमट पाण्यापलीकडे मी कशालाही हात लावत नाही.

आता एक तोटा. दोन वर्षांपूर्वी, अक्षरं वाचायला शिकण्याच्या आधी, मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून स्पॅनिश काळातलं आठ रेआल घेतलं होतं : स्पेनचा राजा चौथा कार्लोस याचा मुखवटा, साल १७९८. परवा पेटी आवरताना ते पुन्हा हातात आलं आणि या वेळी नजर आपसूक त्या दोन अक्षरांवर गेली. टी.एच. लिहिलेलं. १७९८ ला मेक्सिको शहराच्या टांकसाळीत एफ.एम. ही जोडी होती, टी.एच. आली १८०३ मध्ये. म्हणजे नाणं खोटं. छातीत धस्स झालं.

तरीही एका पुराव्यावर निकाल द्यायचा नाही म्हणून स्वयंपाकघरात बाकीच्या परीक्षा घेतल्या. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणायचा, नाणं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं लटकवायचं. काटा जे दाखवेल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागायचं. या कसाच्या चांदीची घनता १०.३ च्या आसपास येते. माझं खात्रीचं नाणं : २६.८४ भागिले २.६०, म्हणजे १०.३२. संशयित : २४.१० भागिले २.७२, म्हणजे ८.८६. तांब्याच्या मिश्रणाचा आकडा. मग कड पाहिली. त्या काळच्या मुखवट्याच्या नाण्यांवर कडेला आलटून पालटून वर्तुळ आणि चौकट अशी नक्षी असते. ती दोन पट्ट्यांमध्ये नाणं फिरवून उठवत, त्यामुळे खऱ्या नाण्यावर समोरासमोर दोन ठिकाणी नक्षी एकमेकींवर चढलेली सापडते. माझ्या नाण्याची नक्षी अखंड, कुठेही न अडखळणारी. आणि दगडावर वाजवलं तर बद्द आवाज. आपली भाषा उगीच 'खणखणीत नाणं' म्हणत नाही.

फक्त वजन कमी म्हणून मात्र नाणं बाद करू नका. माझ्याकडे १७८३ चं एक आठ रेआल आहे, अधिकारी एफ.एफ., वजन अवघं चोवीस ग्रॅम, आणि ते शंभर टक्के खरं आहे. ते 'एल कासादोर' या जहाजातलं. १७८४ च्या जानेवारीत हे जहाज वेराक्रूसहून चांदी घेऊन न्यू ऑर्लिन्सला निघालं आणि वाटेत नाहीसं झालं. १९९३ मध्ये एका मासेमारी नौकेच्या जाळ्यात त्यातली नाणी आली. दोनशे वर्षांच्या खाऱ्या पाण्याने चांदी खाल्ली आहे. पृष्ठभागाला बारीक खड्डे आहेत, पण घनता बरोबर आणि साल-अधिकाऱ्यांची जोडी बरोबर.

मोजणीचं आणखी एक काम यंदा उरकलं. १८९८ चा मेक्सिको शहराचा पेसो माझ्याकडे होता, अगदी कोरा करकरीत, आणि त्या करकरीतपणाचाच संशय येत होता. १९४९ मध्ये चीनच्या राष्ट्रवादी सरकारसाठी १८९८ चंच साल घालून हे पेसो पुन्हा पाडले गेले होते. मूळ नाण्याच्या कडेलगत १३९ मणी असतात, नंतरच्यावर १३४. मोठा फोटो छापून घेतला, टाचणीने एकेक मणी टोचत गेलो. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा १३४. मला वाईट वाटलं नाही. मेक्सिकोने पन्नास वर्षांपूर्वीचा चेहरा पुन्हा का काढला, हे कळल्यावर ते नाणं मला जास्तच आवडू लागलं.

कारण चीन या चेहऱ्यालाच पैसे मानत होता. तिथे याला 'यिंगयांग', म्हणजे गरुडाचं परदेशी नाणं म्हणत. १८६९ मध्ये मेक्सिकोच्या सरकारने तराजूचं चित्र असलेला नवा पेसो काढला. चांदी तेवढीच, कस तोच. चिनी व्यापारी तो पूर्ण किमतीला घेईनात. शेवटी १८७३ मध्ये निमूटपणे टोपी आणि किरण परत आणावे लागले. माझ्या साकातेकासच्या १८९४ च्या नाण्यावर, गरुडाच्या पंखाशेजारी, दोन चिनी अक्षरं ठोकलेली आहेत. तिकडच्या पारख्यांनी 'तपासलं, खरं आहे' म्हणून मारलेली ही खूण. आणि या पारख्यांना चीनच्या बंदरांतले इंग्रज काय म्हणत? श्रॉफ. म्हणजे आपला सराफ! शब्द अरबी-फारसीतून हिंदुस्थानात आला आणि इथून व्यापाऱ्यांबरोबर पूर्वेला गेला. हाँगकाँगच्या वाहनतळांवर पैसे भरायच्या खिडकीवर आजही तो लिहिलेला असतो.

आणि पुढचा धागा थेट मुंबईत जातो. हाँगकाँग आणि मलाया भागात मेक्सिकन डॉलर, म्हणजे हीच नाणी, पुरेनात म्हणून १८९५ पासून इंग्रजांनी स्वतःचा ट्रेड डॉलर काढला, आणि त्यातले बहुसंख्य आपल्या मुंबईच्या टांकसाळीत पडले. उभी ब्रिटानिया, हातात त्रिशूळ. त्रिशूळाच्या मधल्या दात्यावर भिंगाशिवाय न दिसणारा बी. तो बी म्हणजे मुंबई. मागे चिनी आणि अरबी वळणाच्या मलय लिपीत किंमत. मार्चमध्ये पुण्याला आलो होतो तेव्हा काकांच्या ओळखीने १९०१ चा एक मिळाला. माझ्या चौदांच्या संचात त्याला जागा नाही, तरी पेटीत साकातेकासच्या नाण्याशेजारीच ठेवला आहे. एकाची जागा भरायला दुसरा जन्मला, दोघांना शेजार हवाच.

उरली चार. आलामोस मिळेल, वेळ लागेल एवढंच. ग्वादालुपे ई काल्वोची टांकसाळ १८४४ ते १८५२ एवढीच चालली, त्यामुळे ते नाणं दिसलं की खिसा आधी तपासावा लागतो. त्लालपानचं १८२८ ते १८३० या तीनच वर्षांचं. त्यावर ई-ओ-एम-ओ अशी चार अक्षरांची खूण. आणि शेवटचं रेआल दे कातोर्से, फक्त १८६३ चं. स्पॅनिशमध्ये कातोर्से म्हणजेच चौदा. चौदांतलं एक अगदी दुर्मीळ नाणं चौदा नावाच्या गावचं.

ते नाणं माझ्या ऐपतीत येईल असं सध्या दिसत नाही. पण गाव पाहणं ऐपतीत आहे. डोंगरातल्या खाणीचं हे गाव, दोन किलोमीटरहून लांब बोगद्यातून आत शिरावं लागतं. टांकसाळीची इमारत अजून उभी आहे. डिसेंबरच्या सुट्टीत बस ठरवली आहे, भिंतींचे, दारांचे फोटो काढून आणतो. तोवर कुणाकडे मुंबईचे ट्रेड डॉलर असतील तर त्रिशूळावरच्या बी चे जवळून काढलेले फोटो आणि साल कळवा. वेगवेगळ्या सालांत तो बी किती ठळक उठला आहे ते शेजारी शेजारी ठेवून पाहायचं आहे.