मुन्स्यारीची लोकर आणि सूतकताईची मजुरी

उत्तराखंडच्या पिथौरागढ जिल्ह्यातील मुन्स्यारीला महाराष्ट्रातून आता बरेच लोक जातात. पंचाचूलीची शिखरे, खलिया टॉप आणि मिलम हिमनदीची वाट ही त्यांची मुख्य ओढ असते. परतताना अनेकांच्या सामानात एखादी लोकरी शाल किंवा मोज्यांचा जोड असतो, आणि ‘इथल्या बायकांना तेवढाच हातभार’ असे समाधानही असते. मीही अशी खरेदी केली आहे. तरीही त्या पैशातला फार थोडा भाग सर्वांत जास्त कष्ट करणाऱ्या बाईपर्यंत पोहोचतो, असे मला तेथील काम पाहिल्यावर ठामपणे वाटू लागले आहे.

मुन्स्यारीच्या वरच्या जोहार खोऱ्यातील शौका (भोटिया) लोक १९६२ पर्यंत तिबेटशी व्यापार करीत. धान्य, गूळ आणि कापड वर न्यायचे आणि उंटाधुरा खिंडीतून मीठ, टाकणखार व लोकर खाली आणायची, असा तो व्यवहार होता. पुरुष वाटेवर असत तेव्हा बायका घरी त्या लोकरीपासून दन नावाचा जाड गालिचा, थुलमा आणि चुटका ही पांघरुणे आणि अंगावर घ्यायची पंखी तयार करीत. चीनशी युद्ध झाले, खिंडी बंद झाल्या, आणि मिलमसारखी गजबजलेली गावे हळूहळू ओस पडली. व्यापार गेला, पण बायकांचा माग घरात राहिला, आणि पुढे कित्येक कुटुंबांत रोख पैसा त्याच मागावरून येत राहिला.

दन विणताना पाहणाऱ्याचे लक्ष साहजिकच उभ्या मागाकडे जाते. लोखंडी सळईवर रंगीत सुताचे वेढे घेत, ते कापत आणि ठोकून बसवत नक्षी उमटत जाते. ते दृश्य सुंदर असते आणि छायाचित्रेही त्याचीच निघतात. पण मागावर बसण्याआधीचे काम त्याहून कितीतरी मोठे आहे. कातरलेली लोकर निवडायची, काटेकुटे काढायचे, थंड पाण्यात धुवायची, वाळवायची, हाताने मोकळी करायची, पिंजायची आणि मग टकळीवर किंवा चरख्यावर तिचे सूत काढायचे. हे सगळे शेतीच्या, गुरांच्या आणि सरपणाच्या कामांमधून उरलेल्या वेळात, रात्री चुलीशी बसून होते. ते ‘फावल्या वेळचे’ म्हणून ओळखले जाते, म्हणून विक्रीची किंमत ठरवताना ते कोणी धरतच नाही. लोकरीचा भाव धरला जातो, विणकामाचे दिवस कसेबसे धरले जातात, सूतकताई मात्र फुकट गेल्यासारखी होते.

याचा परिणाम सरळ आहे. स्थानिक मेंढीची लोकर जाडीभरडी असते. ती दन आणि थुलम्याला उत्तम, पण शालीला टोचरी. त्यात कताईचे पैसे मिळत नाहीत, त्यामुळे तयार सूत विकत आणून विणणे बाईला परवडते, हाताने कातणे परवडत नाही. बाजारातल्या स्वस्त वस्तूंत तर अनेकदा लोकरीऐवजी अ‍ॅक्रिलिक असते. २०२१ मध्ये भोटिया दन आणि थुलमा यांना भौगोलिक मानांकन मिळाले, याचा मला मनापासून आनंद आहे. पण मानांकनाने नावाचे संरक्षण होते, कातणारीच्या रात्रींची मजुरी आपोआप ठरत नाही.

म्हणून मदत करू इच्छिणाऱ्या संस्थांनी विणकामाच्या प्रशिक्षणापेक्षा आधी सुताकडे पाहावे, असे मला वाटते. नक्षी या बायकांना शिकवावी लागत नाही. त्यांना हवे आहे ते गावाजवळ पिंजण्याचे यंत्र, हंगामात एकत्र लोकर घेऊन ठेवण्याइतके बचत गटाचे भांडवल, आणि वजनावर मोजून वेगळी दिली जाणारी कताईची मजुरी. मुन्स्यारीजवळच्या सरमोली गावात माटी संघटनेच्या बायकांनी घरगुती निवास चालवून दाखवले आहेत. पाहुणा घरातच राहत असेल तर वस्तू दलालाशिवाय विकता येते, आणि ती बनायला किती वेळ लागतो हेही त्याला डोळ्यांनी दिसते.

आपल्याकडच्या घोंगडीची स्थिती फार वेगळी नाही. दख्खनी मेंढीची लोकर, धनगर बायकांनी कातलेले सूत, सनगरांनी मागावर विणलेले कापड आणि त्याला चिंचोक्याची खळ, अशी ती साखळी आहे. तिथेही सर्वांत आधी तुटतो तो कताईचाच दुवा, कारण त्या श्रमाला भाव नाही, आणि कित्येक मेंढपाळांना आज कातरलेली लोकर टाकून द्यावी लागते.

मुन्स्यारीत खरेदी करताना सूत कोणी कातले आणि लोकर कोणत्या मेंढीची, हे जरूर विचारावे. उत्तर मिळाले आणि किंमत जास्त वाटली, तरी घासाघीस करू नये. दन हवा असेल तर दुकानातला तयार तुकडा घेण्याऐवजी थेट बायकांच्या बचत गटाकडे मागणी नोंदवावी, निम्मी रक्कम आगाऊ द्यावी आणि काही महिने थांबण्याची तयारी ठेवावी. त्या आगाऊ रकमेतून लोकर उधारीशिवाय घेता येते, आणि कातणारीला तिचे पैसे दन विकला जाण्याची वाट न पाहता देता येतात.